दहापैकी सहा

सोमवारी दुधीचं धिरडं केलं.
शाल्मलीनं ते उजेडाकडे धरून पाहिलं,
कडेकडेनं उंदरासारखं कुरतडलं
आणि म्हणाली, चार.
दहापैकी.
शाळेत नव्या बाई आल्यात, त्या सगळ्याला गुण देतात,
तेव्हापासून आमच्याकडेही हेच.

निषाद गुण देत नाही.
अडीच वर्षांचा आहे, नुसता ओठ मिटतो.
त्या मिटल्या ओठांपुढे चमचा धरून
मी विमान केलं, मग पीएमटी केली:
स्वारगेट, दांडेकर पूल, राजाराम पूल,
आनंदनगर, वडगाव,
धायरी आली, धायरी,
दार उघडा, लोकांना उतरायचंय!
दार उघडलं नाही.
धायरीचे लोक तसेच गाडीत, हातात पिशव्या घेऊन.

बँकेच्या एका जुन्या डायरीत मी हे लिहून ठेवते.
बीटाचे पराठे – हेरंब काही बोलला नाही, दोन खाल्ले, पाणी फार प्यायला.
नाचणीची इडली – दगड.
चौथ्या मजल्यावरच्या अम्मिणीताईंचं अवियल –
छान झालं होतं, खरंच,
पण शेंग खायची कशी, चोथा ठेवायचा कुठे,
या चर्चेत सगळं गार झालं.
पालक ढोकळा –
ताटल्या लख्ख!
मी हरखले, आईला फोनसुद्धा केला,
आणि तिसऱ्या दिवशी चपलांच्या स्टँडखालून
मुंग्यांची रांग निघाली.
तसं लिहिलं मग पुढे: मुंग्यांना आवडला.

आई म्हणते, वरणभात घाल की मुकाट्यानं,
तुम्ही काय खाऊन वाढलात?
वरणभातच. खोटं कशाला बोलू.
पण दिवसभर मी दुसऱ्यांच्या जीएसटीचे आकडे
या रकान्यातून त्या रकान्यात नेते,
संध्याकाळी मंडईपाशी गाडी थांबवते
आणि एखादी भाजीवाली हातात काहीतरी देते,
नाव माहीत नसलेलं, मातीसकट,
म्हणते, करून तर बघ.
एवढंच.
काल नव्हतं असं काहीतरी
एका पातेल्यात आज असावं,
एवढी एकच हाव उरलीय माझ्याकडे.

गुरुवारी मला ताप.
हेरंब चाकणला, दुसऱ्या पाळीवर.
गॅसला हात लावायचा नाही, मी पांघरुणातून ओरडले,
आणि स्वयंपाकघरातून डबे उघडल्याचे आवाज येत राहिले,
एक डबा पडल्याचा,
मग बराच वेळ कसलाच नाही.

ताटलीत कुरमुरे, दही,
सालासकट काकडी, गुळाचे हे एवढाले खडे,
दाण्याची चटणी
आणि वर, देवा, चॉकलेटची पावडर.
याचं नाव थंडी भेळ, शाल्मली म्हणाली,
आणि दाराला टेकून
एका पायावर उभी राहिली.
माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.
मी चावले की तिचा जबडा हलायचा.
मी गिळलं, तिनंही गिळलं.

कसं दिसतं ते, मला ठाऊक नव्हतं.
आजवर ते माझ्याच चेहऱ्यावर असायचं
आणि रोज दोन पोरं
त्याच्यासमोर बसून जेवायची.
जेवतील कशी?

निषाद पलंगावर चढला.
तिच्या मुठीतले भिजके कुरमुरे पाहिले
आणि आपणहून आ केला.
उतरले बाई एकदाचे धायरीचे लोक.

किती? तिनं विचारलं.
ताप होता, दहा म्हणून टाकता आलं असतं.
जीभ दह्यात, गुळात, कोकोत चाचपडत होती.
सहा, मी म्हणाले.
तिनं दुसरा पाय खाली टेकला.
रडेल वाटलं,
तर गेली, ड्रॉवर धाडकन उघडला,
माझी डायरी घेऊन जमिनीवर पालथी पडली
आणि जीभ बाहेर काढून, जोर देऊन लिहिलं:

थंडी भेळ. ६.
गुळ बारीक करने.
उद्या परत.